चाळीस लेबलं आणि एक दुपटं

एका जंगलात साळू नावाची एक साळिंदर राहत होती. बालमित्रांनो, गोष्ट सांगणाऱ्याने स्वतः गोष्टीत घुसू नये असा नियम आहे. पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू? ती साळू म्हणजे मीच.

साळिंदराच्या पाठीवर काटे असतात हे तुम्हाला ठाऊक आहे. काटा उपटायचा, बुडाशी भोक पाडायचं, की झाली सुई. म्हणजे माझ्याकडे जन्मापासूनच सुया. त्यामुळे येणारी-जाणारी प्रत्येकजण मला म्हणायची, "अगं, घरबसल्या काहीतरी सुरू कर. तुझ्याकडे तर सगळं आहे!" हरणाला एवढी शिंगं असतात, पण त्याला कोणी कपडे वाळत घालायचा धंदा काढ म्हणत नाही. मला मात्र सगळे म्हणायचे, आणि मला ते आवडायचं.

तोवर मी आयुष्यात एकच गोधडी शिवली होती. ती चौकोनी होणार होती. आमचे हे ती पांघरतात तेव्हा एक तर पाय बाहेर राहतात, नाही तर डोकं.

खऱ्या गोधड्या शिवायच्या त्या आमच्या सासूबाई. बिळाच्या तोंडाशी उन्हात बसून त्या शिवत राहायच्या. त्याला त्या उद्योग म्हणत नसत, हाताला चाळा म्हणत. अर्ध्या जंगलातली पिल्लं त्यांच्या गोधड्यांत वाढली. सुया मोडतात, नवा काटा उपटावा लागतो. उपटून उपटून सासूबाईंच्या पाठीला टक्कल पडलं होतं. माझ्या पाठीवर काटे दाट आणि चकचकीत होते. बघणारे म्हणत, "किती छान राखलेत हो!" यावरून शहाण्या मुलांनी काय ते ओळखावं.

एके दिवशी शेजारची हौसा सशीण आली. तिला दिवस गेले होते. तिच्या हातात एक जुनं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं लुगडं होतं.

"साळू, दुपटं शिवून दे," ती म्हणाली. "म्हातारीला आता दिसत नाही, तिला त्रास नको. तूच शीव. हे लुगडं आईचं आहे गं. आई गेली, एवढं राहिलं."

"कधी हवंय?"

"महिना आहे हातात. आमची पोरं उघडी जन्मतात, अंगावर लव नसते. त्यात पौषाची थंडी. पहिल्या दिवशीच पांघरूण नसलं तर..."

"तू काळजीच सोड," मी म्हटलं.

हौसाने काळजी सोडली. मीसुद्धा सोडली.

कारण मला पहिली ऑर्डर मिळाली होती! आता हे काम असंतसं करून चालणार नव्हतं. मी कोल्हे सरांच्या शिबिराला नाव घातलं. शिबिराचं नाव होतं 'चूल, मूल आणि ब्रँड'. सरांनी स्वतः कधी काहीच विकलं नव्हतं, त्यामुळे त्यांचा सल्ला अनुभवाने बिघडलेला नव्हता.

"टाका नंतर," सर म्हणाले. "आधी नाव."

नाव शोधण्यात आठवडा गेला. 'साळूज् क्रिएशन' असं ठरलं. मग सर म्हणाले, "आता लेबल. आणि लेबल मऊ हवं हं. ग्राहकाला टोचता कामा नये."

घरात सगळ्यात मऊ काय होतं? हौसाचं लुगडं. लुगडं चांगलं नऊवार असतं, एक कोपरा गेला तर काय बिघडतं, असं मी स्वतःला म्हटलं. असं मी चाळीस वेळा म्हटलं. उरलेल्याचे नमुने झाले, फोटोसाठी मागचा पडदा झाला आणि दारावरची पाटी झाली.

प्रत्येक लेबलावर मी लाल दोऱ्याने भरलं : 'साळूज् क्रिएशन. हाताने शिवलेले.' अक्षरं सुबक आली होती, ते नाकारणार नाही. लेबलांचे फोटो मी जंगलाच्या ग्रुपवर टाकले. एकोणीस अंगठे आले, एकतीस जोडलेले हात आले. हत्तीणबाईंनी रडका चेहरा टाकला, पण त्यांचं बोट जाड आहे.

हौसा अधूनमधून येऊन विचारून जायची. "झालं का गं?"

"प्रोसेसमध्ये आहे," मी सांगायची.

"माझंही प्रोसेसमध्येच आहे," ती पोटावर हात ठेवून म्हणायची आणि हळूहळू चालत परत जायची.

सासूबाई एकदा म्हणाल्या, "सूनबाई, कापड भिजवलंस का? अस्तर काढलंस का?"

मी म्हटलं, "सासूबाई, आता तसं नसतं."

त्यांना काय माहीत, आता कसं असतं ते.

महिना संपत आला तेव्हा वनमहिला मंडळाने माझा सत्कार ठरवला. 'वर्षाची नवउद्योगिनी'! शाल मिळाली, नारळ मिळाला. शाल यंत्रावर विणलेली होती, जरीची, झगमगीत. मी भाषणाला उभी राहिले. विषय होता 'एका टाक्यातून स्वावलंबन'. हौसा पहिल्या रांगेत बसली होती. तिला माझा अभिमान वाटत होता, हे मला वरून स्पष्ट दिसत होतं.

"मैत्रिणींनो," मी म्हटलं, "धाग्याने मला माझ्या पायांवर उभं केलं..."

टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच थांबल्या. मला वाटलं, भाषण लांबलं. पण हौसा पोट धरून खाली वाकली होती. बायका तिला उचलून तिच्या बिळाकडे घेऊन गेल्या. जाताना ती मान वळवून मला म्हणाली, "साळू, दुपटं तेवढं घेऊन ये!"

बाळांनो, त्या क्षणी माझे सगळे काटे आडवे पडले. मी शालीसकट घरी धावत सुटले. सासूबाई उन्हात बसल्या होत्या.

"हौसा अडली," मी धापा टाकत म्हटलं.

"मग? दे की दुपटं."

"शिवलंच नाही."

"लुगडं आण. मी शिवायला धरते."

"त्याची लेबलं केली."

सासूबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या माझ्या आवाजाच्या दिशेने बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "किती हायती?"

"चाळीस."

"आण समदी."

त्यांनी आपलं एक जुनं लुगडं फाडून अस्तर पसरलं. मी सत्काराची शाल पुढे केली. "हीच नेऊन घालते की पिल्लांवर."

सासूबाईंनी शाल चाचपली. "जर हाय हिला. त्या कोवळ्या जिवांची सालटी निघतील," त्या म्हणाल्या आणि शाल आत भर म्हणून घातली. वर लेबलं मांडली, शेजारी शेजारी, पाच ओळींत आठ आठ. सुईसाठी त्यांनी आपल्या पाठीवर हात नेला. हाताला एकही काटा लागेना.

मी त्यांच्याकडे पाठ केली. "माझे घ्या."

त्यांनी एक उपटला. चांगलंच दुखलं. उद्योगात मला झालेला हा पहिला त्रास. पुढे आणखी तीन उपटले.

पहिली ओळ मी शिवली. ती बघून... नाही, बोटाने चाचपून, सासूबाईंनी उसवली. मग मी सुया ओवून दिल्या. त्यात मी बरी निघाले. त्या बारीक धावदोरा घालत गेल्या, डोळ्यांना दिसत नसताना, सरळ रेषेत. मी महिनाभर ज्याचे फोटो काढत होते ते काम मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मला फार लाज वाटली, आणि लाजेच्या खाली कुठेतरी खूप माया वाटली.

उन्हं कलली. एकच कोपरा उघडा राहिला होता. सासूबाईंनी भाकरीचा नखाएवढा तुकडा त्यात सरकवला.

"हे कशाला?" मी विचारलं.

"तिचं प्वाट भरू दे आधी. उपाशी गोधडी कुणाला ऊब देत न्हाई," म्हणत त्यांनी कोपरा शिवून टाकला.

आम्ही दोघी हौसाकडे पोचलो तेव्हा पाच पिल्लं नुकतीच जन्मली होती. गुलाबी, उघडी, थरथरणारी. सासूबाईंनी दुपटं पांघरलं आणि वरून हात ठेवून बसल्या. थोड्या वेळाने थरथर थांबली. हौसाने दुपट्याची कड नाकाशी नेली.

"आईचा वास आहे अजून," ती म्हणाली आणि रडायला लागली. लुगड्याचे एवढे तुकडे का झाले, हे तिने विचारलं नाही. मी सांगितलंही नाही.

सासूबाई लाल अक्षरांवरून बोट फिरवत होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नाही.

"नक्षी झ्याक काढलीयस, सूनबाई," त्या म्हणाल्या. "मोर हाय का?"

"अक्षरं आहेत, सासूबाई."

"काय लिवलंय?"

त्या दुपट्यावर चाळीस ठिकाणी माझं नाव होतं. आणि शिवणीत माझा टाका एकही नव्हता.

"हाताने शिवलेलं," मी म्हटलं.

"मग खरंच हाय की," सासूबाई म्हणाल्या आणि पिल्लांच्या अंगावरचं दुपटं नीट सारखं केलं.

तात्पर्य : बाईने स्वावलंबी व्हायलाच हवं, आणि त्यासाठी उद्योग घरातूनच सुरू करावा. बाहेर सासूबाई मिळत नाहीत.