वाघ सरांची बडीशेप

एवढ्या शिकलेल्या माणसाविषयी मी लिहावं, हे जरा आगाऊपणाचंच आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वडील सातपूरला कंपनीत आहेत. माझ्या सरांचा फोन आला तर ते अजूनही उभे राहून बोलतात. तेव्हा काही चुकलं तर सांभाळून घ्या.

वाघ सर आम्हाला मानसशास्त्र शिकवतात आणि खिशात बडीशेपेची डबी ठेवतात. जेवणानंतरसाठी नव्हे. कुणाला सल्ला द्यावासा वाटला की चिमूटभर तोंडात टाकायची, म्हणजे तोंड गुंतून राहतं. उपाय सांगण्याऐवजी नीट प्रश्न विचारला आणि गप्प बसलं, तर माणूस आपली वाट आपण काढतो का, यावर त्यांची पीएचडी चालू आहे. याला कोचिंग सायकॉलॉजी म्हणतात. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी हे घेतलं.

कॅन्टीनच्या रामभाऊंनी एकदा विचारलं, "सर, पोरीला सायन्सला घालू का कॉमर्सला?"

"तिला विचारलंत?"

"तिला विचारायचं असतं तर तुमच्यापाशी कशाला आलो असतो?"

सरांनी बडीशेप घेतली. रामभाऊ कपबश्या उचलत म्हणाले, "एवढं शिकून माणूस बोलायचाच बंद होतो का काय!"

अंबडच्या एका कारखान्यात सर सुपरवायझरांना हेच शिकवतात. मी रेकॉर्डिंगला सोबत असते. एक जण म्हणाला, "म्हंजे पोरानं मशीन बंद पाडलं, तर शिव्या सोडून 'तुला काय वाटतं' विचारू?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, सर, तुम्ही एकदा नाईट शिफ्ट करा."

सगळ्यांत जोरात सरच हसले. डबी सांडली.

हा नाद कुठून लागला, ते त्यांनीच परतताना बसमध्ये सांगितलं. मुलगी, नेहाताई, इंदूरला बँकेत आहे. "दर फोनला मी एकच लावायचो. नाशिकला बदली माग. अर्ज केलास? का नाही केलास? शेवटी तिनं फोन उचलणंच सोडलं." आता उचलते; पण "बरी आहे, बाबा" याच्या पुढे जात नाही. सर बदलीचा ब काढत नाहीत. फोन लावण्याआधी मूठभर बडीशेप खातात.

परवा आम्ही रेकॉर्डिंग उतरवून घेत होतो आणि नेहाताईचा फोन आला. तिनं स्वतःहून केलेला. सर फोन स्पीकरवरच घेतात, म्हणून मी उठले. त्यांनी हातानेच बस म्हटलं.

"कशी आहेस?" एवढं विचारून ते थांबले. ती बोलत राहिली. नवा मॅनेजर, घरमालकीण, एकटीनं जेवायचा कंटाळा. सरांचं नुसतं "हं". डबी निम्मी झाली.

मग ती म्हणाली, "बाबा, माझी नाशिकला बदली झालीये. मीच मागितली होती. रविवारी बसनं निघते."

सरांनी तोंड उघडलं. मी घाबरून डबी पुढे केली. त्यांनी ती बंद करून माझ्याच हातात ठेवली.

"स्वेटर घाल," ते म्हणाले. "खिडकीशी बसू नकोस. चांदवड आलं की फोन कर, मी स्टँडवर येतो. आणि बाहेरचं काही..."

पलीकडे नेहाताई हसत होती. "सांगा, बाबा. ऐकतेय मी."