उत्तर नको, काऊन ते सांगा

चिंतलवार सरांना साधा नमस्कार करायचीही चोरी होती. ते थांबायचे, चष्मा वर ढकलायचे आणि 'का?' या अर्थानं विचारायचे, "काऊन?"

आदिलाबादच्या कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेला हा माणूस आमच्या भिंतीला भिंत लावून एकटाच राहायचा. वर्गात बरोबर उत्तर देणाऱ्यालाही ते सोडत नसत. "उत्तर नको, काऊन ते सांग!" भाजीवाली वांगी ताजी म्हणाली की तिची उलटतपासणी सुरू. ती वैतागून तेलुगूत बोलू लागली की सर तिचं तेलुगू दुरुस्त करायचे. दुसऱ्या दिवशी ती आमच्या गल्लीत यायचीच नाही.

मग त्यांनी कंप्युटर आणला. घरातला एकुलता एक पंखा त्याच्याकडे वळवला आणि स्वतः घाम पुसत बसले. हैदराबादला त्यांचा एक जुना विद्यार्थी मेंदूचा डॉक्टर होता. त्यानं रुग्णांची नावं काढून एमआरआयच्या फिल्मा पाठवल्या होत्या.

"दोन आजार हायेत," सर मला म्हणाले. "दोन्हीत नसांवरचं कव्हर निघते, वायरीवरचं प्लास्टिक निघाल्यावानी. दिसाले सारखे, पन औषध येगयं. मी मशीनले फिल्मा दाखवून राह्यलो. हा पयला, हा दुसरा. पाहून पाहून शिकते ते."

मशीन चुकलं की भिंतीपलीकडून ओरडणं ऐकू यायचं, "बस खाली!" आम्ही नवरा-बायको पोट धरून हसायचो.

एका सकाळी कमलनं, माझ्या बायकोनं, चहा कपाच्या बाहेर ओतला. आधी एक डोळा धुरकट झाला, मग दुसरा. पाय बधिर पडू लागले. आम्ही हैदराबादला धावलो, सरांच्याच त्या डॉक्टरकडे. इंजेक्शनं झाली, मेंदूची फिल्म काढली. एक डॉक्टर म्हणे पहिला आजार, दुसरा म्हणे दुसरा. पुढं वर्षानुवर्षं घ्यायचं औषध त्यावर ठरणार होतं, आणि चुकीचं पडलं तर उरलीसुरली नजरही जायची भीती होती. थोडे दिवस घरी जाऊन परत या, म्हणाले.

घरी येताच मी फिल्म सरांपुढं ठेवली. मशीन बराच वेळ घरघरलं. सर म्हणाले, "पयला म्हनते."

मी फोन केला. डॉक्टर म्हणाले, "सरांचं मशीन म्हणतंय तर तेच औषध सुरू करू. पेशंटला घेऊन या."

मधल्या दिवसांत सर रोज दुपारी यायचे आणि कमलला पेपर वाचून दाखवायचे. टेंडरच्या जाहिरातीसुद्धा. मंत्र्याचं भाषण आलं की पेपरलाच "काऊन?" विचारायचे. आजारपणात कमल पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

निघायच्या दिवशी मी तिला धरून बसमध्ये बसवलं. गाडी सुरू झाली आणि सर स्टँडवरून धावत आले. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी.

"थांबवा गाडी! औषध नका घेऊ!"

"काय झालं सर?"

"माझं मशीन खोटं बोललं." ते गाडीत चढून धापा टाकत आमच्या शेजारी कोसळले. "फिल्मच्या कोपऱ्यावर कागद चिकटवला, त उत्तरच बदललं. पयल्या आजाराच्या फिल्मा साऱ्या एका दवाखान्यातल्या, दुसऱ्याच्या दुसरीकडच्या. ते मेंदू पाहतच नव्हतं. कोपऱ्यातली दवाखान्याची छपाई पाहून सांगून राह्यलं होतं. आन् मी त्याले काऊन म्हनून इचारलंच नाही."

हैदराबादपर्यंत ते आमच्याबरोबरच आले. कमलनं चाचपडत त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली.

दवाखान्यात विद्यार्थ्यापुढं उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी फिल्म पुन्हा उजेडात धरली. मग म्हणाले, "पाठीच्या कण्याचीही फिल्म काढू." तीत मज्जारज्जूवर लांबलचक सूज दिसली, दुसऱ्या आजाराची खूण. मेंदूची फिल्म तर जवळजवळ स्वच्छच होती. दोन्ही डॉक्टरांचं एकमत झालं, आजार दुसरा. ठरलेलं औषध बदललं.

घरी परतल्यावरही सरांचं रोजचं पेपरवाचन सुरूच राहिलं. कमलचे पाय हळूहळू सुधारले. उजवा डोळा गेला तो गेलाच, पण काही महिन्यांनी डाव्यानं दिसू लागलं. एकदा दुपारी मी दुकानातून जेवायला आलो, तर कमल ओसरीवर तांदळातले खडे वेचत होती. बारीक खडे, अचूक. तेवढ्यात शेजारचं फाटक वाजलं. तिनं घाईघाईनं ताट खाटेखाली सारलं आणि डोळे मिटून पडली.

"काय हे? दिसतं ना तुला?" मी विचारलं.

"हळू बोला," ती कुजबुजली. "मले दिसते हे कळलं त ते उद्यापासून कायले येतीन? त्यायच्या घरी कोन हाय ऐकाले?"

सर आले, खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. कापसाच्या भावापाशी त्यांची नजर खाटेखालच्या ताटावर गेली आणि आवाज जरा अडखळला.

कमल डोळे न उघडता म्हणाली, "वाचा ना सर, पुढं काय?"