भैय्याजींनी पाखरे पॅक केली त्या स्वारीची हकीकत

श्रीकृपेकरून लिहिले ऐसे जे, दोन चिमूट पिसांखातर मोठी मोहीम आजवर कोणी लिहिली नसेल, परंतु न लिहावी तर पुढील पिढ्या भैय्याजींचे तोंडची हकीकत खरी मानतील, हा धोका जाणोन हा मजकूर जाहीर केला असे.

सौसर कसब्यात भैय्याजी नामे संत्र्यांचे मातबर व्यापारी. त्यांची कन्या चंचलबाई, दहावीचा शेवटला पेपर टाकून नुकतीच मोकळी, बुद्धीने तल्लख आणि जबानीने त्याहून. तिचे पदरी गुलाब आणि बिट्टू नामे दोन लव्हबर्ड, एक हिरवा, एक निळा. चैत्रमासी भोपाळास आत्याबाईंचे घराची वास्तुशांत निघाली आणि सहकुटुंब आठवडाभर जाणे ठरले आणि पाखरांचा पेच उभा राहिला. शेजारच्या मंगलाकाकूंनी अभय दिले, परंतु त्यांचे घरी बोका, आणि बोक्याची नजर पाहोन चंचलबाईंनी ते अभय नामंजूर केले, आणि पाखरे येतील तरच आम्ही येऊ, ऐसा निर्वाणीचा निरोप स्वयंपाकघरात मातोश्री अनुराधाबाईंकडे रवाना केला.

मग भैय्याजींनी मसलत केली, म्हणजे आपणच बोलिले आणि आपणच मान डोलाविली. कन्येने अर्ज गुजारिला की, पिंजरा मागील सीटवर पट्ट्याने बांधावा, पातळ ओढणी घालावी, वारा खेळता ठेवावा. अर्ज फेटाळला. कारण सीटवर संत्र्याची पेटी विराजमान होती, आणि या मुलखात पाव्हण्याकडे संत्र्यांविना जाणे म्हणजे तोंड न धुता जाणे. हुकूम जाहला की, ज्याची संत्री दिल्लीपावेतो डाग न लागता पोचतात, त्यास पाखरे नेण्याची अक्कल दहावीच्या पोरीने शिकवू नये.

आणि चंचलबाई मैत्रीण डिंपलचा निरोप घेण्यात गुंतल्या, येवढी एकच गाफिली झाली, तों भैय्याजींनी डाव साधिला. पिंजरा डिकीत दोन पेट्यांमध्ये बसविला, चहूकडे तणस ठासून भरली, वरोन बारदान घालोन सुतळीने शिवून टाकिले, आणि हात झाडोन पाहिले, जणू किल्ला बांधिला.

मग भैय्याजींचे बंधू भूपेंद्रकाकांनी स्टीअरिंग हाती घेतले आणि गाडीने कूच केले. प्रथम डिकीतोन चिवचिवाट जाहला, मग कमी जाहला, आणि पांढुर्णा मागे पडले तेव्हा कांहीच उरले नाही. भैय्याजी परम संतोष पावले. पाखरे कशी गुमान झोपली, कामाला अनुभव लागतो, इंटरनेट नव्हे, ऐसे व्याख्यान सुरू केले, आणि भूपेंद्रकाकांनी हो जी, हो जी ऐशी तोफांची सलामी दिली. परंतु लव्हबर्ड दिवसा येवढे गप्प राहात नाहीत, हे जाणोन चंचलबाईंनी पेटीवरोन हात मागे घातला, तो बोटांस शिवलेले बारदान लागले.

"बाबा, गाडी थांबवा. पिंजरा खोला लागते."

"पॅक झालेली पेटी मंडीच्या आंधी खोलत नसतेत बाई. माल खराब होते."

"संत्र श्वास घेत नाही ना बाबा. हे घेत होते. आता आइकू येऊन नाही राहिले, म्हणून म्हणून राहिली."

भूपेंद्रकाकांनी आरशातून भावाचे मुखाकडे पाहिले आणि हुकुमाची वाट पाहिली. हुकूम आला तो मातोश्रींचा. त्या म्हणाल्या की, गाडी आत्ता थांबली नाही तर मी चालतीतून उतरतो, मग न्या तुमची संत्री वास्तुशांतीले. गाडी तिगावचे अलीकडे एका चहाटपरीच्या निंबाखाली थांबली.

सुतळी नेलकटरने तोडिली. आत दोघे तळाशी बसलेले, चोची उघड्या, पंख अंगापासोन सुटलेले. चंचलबाईंनी पिंजरा सावलीत ठेविला, बोटावर पाण्याचा थेंब धरिला. बिट्टू प्यायला. गुलाब प्यायला नाही. डोळा अर्धा मिटलेला, आणि थेंब चोचीवरोन ओघळून गेला. दुसरा थेंब, तोही गेला. संत्रेवाले शूर टपरीच्या खांबास टेकोन उभे होते.

मग ते पुढे आले, खांद्यावरचा दुपट्टा टपरीच्या माठात भिजविला, पिंजऱ्यावर ओलावा दिला, आणि कोणास न विचारता आपले जाड बोट आत घातले. बराच वेळ कांही घडले नाही. आणि मग गुलाबने डोळा उघडोन ते बोट कडकडून चाविले. भैय्याजी ओरडले, चंचलबाई हसता हसता रडल्या, आणि गुलाब पाणी प्यायला.

तेथेच तह जाहला. सीटवरील पेटी चहावाल्यास बहाल, पिंजरा तिच्या जागी पट्ट्याने बंद, डोईवर ओढणी, आणि गतिरोधक आला की भूपेंद्रकाकांनी गाडी मुंगीच्या चालीने न्यावी. अंमलबजावणी खुद्द भैय्याजींनी केली, आणि मुलताईपासोन पुढे हळू हाक रे, हळू हाक, ऐसे इतके म्हणाले की भूपेंद्रकाका विटले.

येणेप्रमाणे पाखरे जिवंत भोपाळास पोचली आणि फत्ते जाहली. दारातच भैय्याजींनी आत्याबाईंस सांगितले की, पाखरे गप्प झाली तशी शंका मलाच आली होती. चंचलबाईंनी तकरार केली नाही. तहावर शिक्का लागतो, आणि तो भैय्याजींचे सुजलेल्या बोटावर चोचीने उठविला होता.