मरणोत्तर चिरंजीव

पूर्वज नसलेला माणूस अद्याप जन्माला आलेला नाही. पण पूर्वज असणं वेगळं आणि चारचौघांत सांगता येईल असा पूर्वज सापडणं वेगळं. पहिली गोष्ट आपोआप घडते. दुसरीसाठी मंडळ स्थापावं लागतं, मंडळाला कार्यकारिणी लागते आणि कार्यकारिणीला खुर्च्या लागतात. सोलापुरात 'अखिल लोकरे कुलसंशोधन मंडळ' निघालं ते या निकडीतूनच. (खुर्च्या अध्यक्षांच्या दुकानातल्या.)

मंडळाचे सचिव सिद्धनाथ लोकरे एका शिक्षण संस्थेतून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालेले. निवृत्त माणसाला घरात 'जरा पाय वर घ्या, फरशी पुसायचीय' एवढंच म्हणतात. मंडळात 'सचिवसाहेब' म्हणतात. तेव्हा सिद्धनाथरावांना अचानक कुळाची माया दाटून आली तर त्यात नवल ते काय! अध्यक्ष अभिमन्यू लोकरे यांचं नवी पेठेत चादरींचं दुकान. उपाध्यक्ष इंद्रजीत लोकरे यांनी मोडी लिपीचा छोटा वर्ग केलेला आणि त्याचं मोठं प्रमाणपत्र बैठकीत टांगलेलं. निम्मा वर्ग त्यांनी लग्नसराईपायी बुडवला होता, पण तसा उल्लेख प्रमाणपत्रावर नाही.

संशोधन सामुदायिक होतं. ज्याच्या घरी जुना कागद असेल त्यानं त्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा. पहिल्या वर्षाच्या संदेशांची वर्गवारी सचिवांनी काढली ती अशी: शुभ सकाळ एकसष्ट टक्के, वाढदिवस बावीस, 'ग्रुपवर फक्त कुळाविषयी बोलावे' अशी सूचना पंधरा, आणि कुळाविषयी दोन. पण त्या दोन टक्क्यांत घबाड निघालं. मूळपुरुष कोंडीबा लोकरे यांचं मोडीतलं मृत्युपत्र! जन्मभर मेंढरांमागं फिरलेल्या, सहीच्या जागी अंगठा उठवणाऱ्या या माणसानं मरायच्या आधी रीतसर नोंदणी करून विल केलं होतं. आजचे लोकरे साधा गॅस कनेक्शनचा पत्ता बदलत नाहीत.

विलात लिहिलं होतं, 'माझे पश्चात मेंढरे, घर व विहिरीतील हिस्सा लेक बजाबा'. एवढ्यावर ओळ संपत होती, कारण पुढचा कोपरा उंदरानं खाल्लेला. खालच्या ओळीत 'भीमा यांनी मिळून सांभाळावा' असं होतं.

आता 'लेक' हा शब्द मराठीत मोठा सोशिक. पोरगाही लेक, पोरगीही लेक. त्यात पुढं 'यांनी' म्हटलेलं, म्हणजे त्यावरूनही पत्ता लागायचा नाही. पण इंद्रजीतराव काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते म्हणाले, "लेक म्हंजे लेक! पोरीला मेंढरं कोण लिवून देतंय का कुटं?" या पुराव्यापुढं कुणाचं काही चाललं नाही. बजाबा हे कोंडीबांचे थोरले चिरंजीव आणि भीमा धाकटे, असं एकमतानं ठरलं.

मग बजाबांचं चित्र काढून घेतलं. फेटा, हातात काठी, आणि मिशा अशा की त्यांवर लिंबू राहावं. मंडळाचं पहिलं संमेलन भरणार होतं, त्याच्या ब्यानरवर तेच चित्र गेलं. भीमांची मात्र बायकामुलं कुठल्याच कागदात सापडेनात. त्यामुळं 'थोरल्या भावाच्या संसारासाठी आजन्म ब्रह्मचारी राहिलेले भीमा' असा लेख स्मरणिकेसाठी तयार झाला. तो वाचून अभिमन्यूरावांचे डोळे पाणावले. त्यांचा धाकटा भाऊ त्यांच्याशी दुकानाच्या वाटणीवरून बोलत नाही.

वंशावळीचे नियम सिद्धनाथरावांनी स्वतः लिहिले होते, आणि भाषा अशी चोख की समाप्त होणाऱ्यालाही बरं वाटावं. नियम सहा: पत्नीच्या चौकोनात फक्त 'सौ.' लिहावे. नियम सात: मुलीकडून कूळ पुढे चालत नाही, म्हणून तिचे नाव घालू नये; जेथे मुलगा नाही तेथे 'शाखा समाप्त' अशी नोंद करावी.

सहाव्या नियमावर सचिवांच्या पत्नी तानाबाई एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या होत्या, "माज्या बापानं नाव ठेवलं तानाबाई, तुमच्या मंडळानं ठेवलं 'सौ.' बारशाला बोलावलं असतं तर आले असते की." सिद्धनाथरावांनी ही सूचना नोंदवून घेतली नाही.

सातव्याचं दुखणं मोठं होतं. सिद्धनाथरावांना एकच अपत्य, राजनंदिनी. एम.एस्सी. झालेली, चिंचोळी एमआयडीसीत एका कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला. संध्याकाळी घरी आली की लॅपटॉप उघडून मंडळाची वंशावळ तीच भरायची, कारण कार्यकारिणीत टंकलेखन कुणालाच येत नव्हतं आणि चुका काढणं सगळ्यांना येत होतं. चारशे बारा लोकरे तिनं हातानं भरले. दूधपिते लोकरे भरले, दुबईतले भरले, एक तर तुरुंगातले भरले. मग बापाच्या चौकोनाखाली येऊन थांबली.

"पप्पा, हितं काय लिवू?"

सिद्धनाथराव चष्मा पुसत बसले. "नियमाप्रमाणं लिही की."

तिनं 'शाखा समाप्त' असं लिहिलं. शुद्धलेखन तपासलं आणि लॅपटॉप मिटून जेवायला गेली. त्या दिवसापासून सिद्धनाथरावांना भाकरी गोड लागेना. नियम आपला, अक्षर आपलं, लेकही आपलीच, भांडायचं कुणाशी? कसंही करून पोरीचं नाव स्मरणिकेत छापायच्या वंशावळीत यावं, एवढंच त्यांना वाटायचं. पण सचिवानं नियम मोडायचा म्हणजे कुंपणानंच शेत खायचं.

अशात स्मरणिकेसाठी विलाचा स्वच्छ फोटो हवा म्हणून त्यांनी नोंदणी कार्यालयातून नक्कल मागवली. कार्यालयातल्या वहीला उंदीर लागलेला नव्हता. नकलेत, आणि सोबत जोडलेल्या बाळबोध अक्षरांतल्या प्रतीतही, ओळ सबंध होती: 'लेक बजाबाई व घरी ठेविलेला जावई भीमा यांनी मिळून सांभाळावा.'

सिद्धनाथराव तिथल्याच चहाच्या गाड्यावर येऊन बसले. मूळपुरुषाला मुलगा नव्हताच! एकच लेक होती. सगळे लोकरे त्या लेकीचे, आणि लोकरे हे नावही तिच्याच माहेरचं. सचिवांना आनंदाचं भरतं आलं. ओळखदेख नसलेल्या माणसाला त्यांनी आग्रहानं चहा पाजला. लेकीकडून कूळ चाललं होतं, आणि तेही मुळापासून! आता राजनंदिनीला कोण अडवतंय?

तातडीची बैठक भरली. नक्कल फिरली. इंद्रजीतरावांनी ती उलटी धरून, मग सुलटी धरून वाचली आणि 'कारकुनाचं अक्षर वाईट आहे' असा तज्ज्ञ अभिप्राय दिला. अक्षर छापल्यासारखं होतं.

"सचिवसाहेब, ब्यानर छापून आलाय," अभिमन्यूराव म्हणाले. "आता काय मिशा काडायच्या व्हय?"

पण अडचण मिशांहून दाट होती, आणि ती सिद्धनाथरावांनीच कायद्याच्या अंगानं मांडली. बजाबाई लेक असेल तर नियम सातप्रमाणं कोंडीबांपाशीच शाखा समाप्त. म्हणजे पुढचे चारशे बारा लोकरे कुळात नाहीत. कुळात नाहीत म्हणून सभासद नाहीत. अध्यक्ष अध्यक्ष नाहीत, बैठकीला गणपूर्ती नाही, आणि ही बैठक वैध नाही असं ठरवायचा अधिकारही या बैठकीला नाही. तेव्हा नियम सात रद्द करणं हाच एक मार्ग उरतो.

चिवडा संपला. मग अभिमन्यूराव उठले. चादर खपत नसेल तर घडी बदलून दाखवणारा माणूस तो!

"नियम रद्द कशाला करायचा? नियम चांगलाय. बजाबाईस्नीच मरणोत्तर चिरंजीव करून टाकू. मरणोत्तर पदव्या देत्यात, पुरस्कार देत्यात. मग पोरगा केला तर काय बिगडलं?"

टाळ्या पडल्या. भीमांना आता नवरा म्हणता येईना, म्हणून ते ब्रह्मचारी बंधू म्हणून कायम राहिले. (लेखही तयार होता.) मग मुलांना आई कोण, असा प्रश्न एकानं काढला. पाहिलं तर बजाबांच्या शेजारी 'सौ.' असा चौकोन आधीपासूनच होता आणि आजवर त्याबद्दल कुणाचीही तक्रार आली नव्हती. अशा रीतीनं जी बाई होती तिला मिशा मिळाल्या आणि जी नव्हती तिला मुलं झाली.

सिद्धनाथरावांनी हात जोडले. "मग माज्या राजनंदिनीलाबी तसंच करा की."

"ती जिवंत हाय," इंद्रजीतरावांनी हरकत घेतली. "ठराव मरणोत्तरचा हाय."

सिद्धनाथरावांचा चेहरा अभिमन्यूरावांना बघवेना. ते मनानं वाईट नव्हते, अध्यक्ष होते. म्हणाले, "असं करू. छपाईत शेवटचं अक्षर आणि आधीची वेलांटी उडाली म्हणायचं. राजनंदिनीचं 'राजनंद' होतंय. चि. राजनंद सिद्धनाथ लोकरे. काय वाईट दिसतंय?"

सिद्धनाथरावांनी हात वर केला. ठराव एकमतानं मंजूर झाला.

घरी येऊन त्यांनी लाजत लाजत सगळं सांगितलं. राजनंदिनीनं ऐकून घेतलं, लॅपटॉप उघडला आणि लिहिलं. "झालं पप्पा. माजं नाव आलं," म्हणाली. ती चिडली असती तर बापाला बरं वाटलं असतं.

संमेलन थाटात पार पडलं. शिक्षण-नोकरीसह वंशावळ छापलेली स्मरणिका सोयऱ्याधायऱ्यांच्याही घरोघरी गेली आणि सचिवांचा फोन वाजू लागला. राजनंदिनी लोकरे, एम.एस्सी., नोकरी चिंचोळी, हिला गेल्या चार वर्षांत तीन स्थळं आली होती. दोघांना नोकरी सोडलेली हवी होती, तिसऱ्याला शिक्षण कमी हवं होतं. चि. राजनंद लोकरे, एम.एस्सी., नोकरी चिंचोळी, यांना आठवड्यात अकरा आली. 'चूक झाली' म्हणावं तर लोक बजाबांच्या मिशा ओढणार. सिद्धनाथराव 'कळवतो' म्हणत राहिले.

बारावा फोन मंगळवेढ्याकडच्या एका भारदस्त गृहस्थांचा होता. त्यांनी पगार विचारला, उंची विचारली. मग म्हणाले, "मुलाला बहिणी किती?"

सिद्धनाथरावांनी समोर पाहिलं. राजनंदिनी चहा घेऊन उभी होती.

"एक हाय," ते म्हणाले. "राजनंदिनी."

"पण वंशावळीत दिसली नाही ती?"

"आमच्यात मुलींची नावं घालत न्हाईत."

"उत्तम," गृहस्थ म्हणाले. "चांगलं घराणं आहे."

राजनंदिनीनं कप टेबलावर ठेवला आणि चप्पल घालून कामावर गेली. चहा निवून गेला. सिद्धनाथराव फोन कानाशी धरून बसून राहिले.

ही हकीकत सोलापुरात ज्यानं ऐकली तो पोट धरून हसला. आपणही हसला असाल. हसावं, प्रकृतीला चांगलं असतं. हसून झालं की एक किरकोळ माहिती द्यावी. आपल्या आजोबांच्या आईचं नाव काय होतं? 'पणजी' नव्हे, 'मोठी आई' नव्हे. नाव.