विंचू उतरविल्याच्या तोहमतीची कैफियत

प्रथम सत्यास नमन, मग शाईस नमन, मग चौकशी समितीस नमन, कारण ती लवकर बसत नाही आणि बसली तर लवकर उठत नाही. शके एकोणीसशे सेहेचाळीस, फाल्गुन मासी, परभणी मुक्कामी एका संस्थेच्या दवाखान्यात जो संग्राम जाहला, त्याची हकीगत जशी ऐकिली तशी लिहितो. अधिकउणे जाहल्यास वाचणारांनी पदरात घ्यावे.

झरीच्या सरजाबाई शेतात कडबा उचलीत होत्या, ते समयी विंचवाने दगा केला आणि हात सुजला आणि अंगास घाम फुटला, मग त्यांस दवाखान्यात आणिले. बबिता सिस्टर, कामास वाघीण, यांनी शर्थ करून त्यांस वाचविले. सरजाबाईंनी घरी जाऊन आभाराचा खलिता धाडिला की बबिता शिस्टरनं माझा इंचू उतरवला, लय गुणाची पोरगी हाय.

खलिता व्यवस्थापक वाल्मीकराव साहेब यांचे हाती पडला. साहेबांची वाढ पुणे प्रांतीची, आणि पूर्वीची कारकीर्द मंगल कार्यालय सांभाळण्यात गेलेली. विंचू उतरविणे हे मांत्रिकाचे काम, इतके मात्र त्यांस पक्के ठाऊक. मग हुकूम सुटला की सिस्टरने दवाखान्यात मंत्रप्रयोग केला, सबब कामावरून बरखास्त का करू नये, याचा जबाब द्यावा. तोहमत घालणारे तेच आणि चौकशीचे अध्यक्षही तेच. आता बोला!

बबिताबाईंच्या घरी आजोबांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली, ते दिवसापासून गंडादोरा उंबऱ्याआत आला नव्हता. मातोश्री तानुबाईंनी हुकूम वाचून घेतला.

"नोकरी गेली तर दुसरी लागंल," त्या म्हणाल्या. "पण तू मंतर म्हणलीस असं कागदावर राहिलं, तर चार लोकांत काय तोंड दाखवू?"

मग सुकेशनीताईंस पाचारण जाहले. ताई वीस वर्षे नर्स होत्या, आणि आता दवाखान्याचे कागद वकिलांस आणि वकिलांचे कायदे दवाखान्यास उलगडून सांगणे हाच त्यांचा पेशा. जे अक्षर खुद्द लिहिणाऱ्या डॉक्टरास लागत नाही, ते ताई चष्म्याविना वाचीत, ऐसा त्यांचा मुलखात दरारा.

चौकशीचे पहिले दिवशी ताईंनी मोठ्या आवेशाने हल्ला केला की रुग्णास अँटिव्हेनम दिले आणि प्राझोसिन दिले आणि पल्स-बीपी मॉनिटर केले. वाल्मीकरावांनी लेखणी उचलिली आणि फर्माविले की हे प्राझोसिन कोणते दैवत आणि त्याचा जप किती वेळा केला, ते लेखी द्यावे. शिकस्त जाहली. ताई बाहेर कडुलिंबाखाली चहा घेत स्वतःवरच चरफडल्या की आपण वॉर्डातली भाषा बोललो, आणि समोरचा माणूस वॉर्डातला नव्हेच. आपलीच चूक, दुसऱ्याच्या नावाने का बोंबलावे?

दुसरे दिवशी सरजाबाईंस झरीहून आणविले. ताईंनी एकच प्रश्न केला की इंचू उतरवला म्हंजे काय केलं, आणि तोंड मिटून घेतले. प्रश्न विचारून गप्प राहणे, हे हत्यार भल्या भल्या वकिलांस पेलत नाही. वाल्मीकराव मध्येच बोलू लागले, तो ताईंनी फक्त बोट वर केले, आणि साहेब थबकले.

सरजाबाईंनी पदर सावरला. "काय केलं म्हंजे? सुई टोचली, सलाईन लावली, गोळ्या देल्या. दर अर्ध्या घंट्याला मनगट धरून घड्याळ पाहायलती पोरगी. पहाटं ठणक थांबली. त्यालाच आमी इंचू उतरला म्हणताव. मंतर बितर कुठला आलाय?"

मग ताईंनी केसपेपर उघडिला आणि बाईंच्या एकेका बोलासमोर त्यातली एकेक नोंद वेळेसकट साध्या मराठीत वाचली. सुई रुजू, गोळ्या रुजू, नाडी बारा वेळा रुजू. तरी साहेबांचा हेका सुटेना की 'उतरवला' हा शब्द खलित्यात आहे तो आहेच.

ताईंनी आवाज खाली आणिला. "साहेब, तुम्हाला ताप आला तर कसा उतरतो?"

"गोळीनं," साहेब बोलून गेले.

"मंत्र कोण म्हणतं?"

साहेबांनी लेखणी पुन्हा उचलिली. शेवटी हुकूम फिरला तो येणेप्रमाणे: तोहमत रद्द; मंत्रप्रयोग हा शब्द तांबड्या शाईने खोडावा; यापुढे दवाखान्यात कोणीही विंचू उतरवू नये, ठणक कमी करावी; आणि मनस्तापाबद्दल सिस्टरांस एक दिवसाची रजा बक्षीस.

तानुबाईंनी खोडलेली ओळ डोळ्यांनी पाहिली, बोट फिरवून पाहिली, आणि पदराने डोळे पुसले. बबिता सिस्टर उभ्या राहिल्या.

"रजा नको, सर. वॉर्डात दोन सलाईनी चालू हायेत."

आणि हजेरीवर सही करून त्या वॉर्डात रवाना जाहल्या. येणेप्रमाणे परभणीची फत्ते जाहली, ती कागदी रुजू केली असे.