मालूबाईंच्या आठ्या

आमच्या शेजारच्या मालूबाई कपाळानं बोलतात. तोंड आपलं सोबतीला. भुवया वर गेल्या की प्रश्न, खाली आल्या की हुकूम, आणि मधली उभी आठी पडली की समजा, आता खैर नाही. सिंदेवाहीच्या शाळेत इतकी वर्षं शिकवलं, पण छडी कधी हातात धरली नाही.

ही सवय भावामुळं. गजू जन्माचा बहिरा. आई-बाप गेल्यावर मालूबाईंनीच त्याला वाढवला. हात तोंडाशी नेऊन भुवया वर केल्या की "जेवला का?" तोच हात, पण भुवया खाली, की "गिळ मुकाट्यानं!"

मोबाइल नुकते आले होते, तेव्हाची गोष्ट. एका लग्नाची सीडी पाहताना कोणीतरी बोललं, "नवरीची मावशी भांडून राह्यली का?" ती मावशी म्हणजे आमच्या मालूबाई. त्यांच्या नागपूरच्या बहिणीला ते लागलं. पुढच्या लग्नाआधी तिनं मालूबाईंना डॉक्टरकडं नेऊन कपाळात सुया टोचून आणल्या. आठवडाभरात आठ्या गायब!

कपाळ झालं सारवलेल्या अंगणासारखं. वरून डोकं ठणकायचं ते वेगळंच. एक पापणी अशी लोंबली, की भाजीवाल्याला वाटलं बाई डोळा मारून राह्यल्या. गड्यानं दोन वांगी जास्त टाकली. वर्गात पोरं नाचायला लागली. मी पोट धरून हसले, खोटं कशाला सांगू?

गजूला मात्र हसू येईना. बहीण हात तोंडाशी नेते आणि कपाळ ढिम्म! त्याला वाटलं, हिनं आपल्याशी बोलणंच टाकलं. चटई उचलून तो तळ्यावरच्या मासेमारांच्या झोपडीत राहायला गेला. बाई डबा घेऊन गेल्या की मान फिरवायचा. त्यानं मान फिरवली की बोलणं खतम.

बाईंनी काजळानं उंच भुवया काढून पाहिल्या. मग "पाणी आण" हासुद्धा प्रश्नच! डॉक्टर फोनवर म्हणाला, याला उतारा नाही, तीन-चार महिन्यांत सुयांचा असर आपोआप जाईल.

"माहा भाऊ घर सोडून गेला, अन् हा म्हणते थांबा!" बाई रडत होत्या आणि कपाळावर एक रेघ उमटत नव्हती. तेव्हा माझं हसू मेलं.

चार महिन्यांनी एका सकाळी पाणचट दूध पाहून त्या गवळ्यावर खेकसल्या. गवळी दोन पावलं मागं सरला. "बाई, तुमचं कपाळ..." मालूबाई आरशाकडं धावल्या. आठी!

"आली वं माय, आली!" गवळ्याच्या हातावर साखर ठेवून त्यांनी मला ओढतच तळ्यावर नेलं.

गजू खाली मान घालून जाळं विणत होता. बाईंनी जमिनीवर पाय आपटला. त्यानं वर पाहिलं. हात तोंडाशी, भुवया पार केसांपर्यंत: जेवला का?

गजू बघतच राहिला. उठला, तिच्या आठ्यांवरून अंगठा फिरवला. मग स्वतःच्या भुवया उंच करून, दोन्ही हात पसरून त्यानं विचारलं: इतके दिवस कुठी होती?

मालूबाईंनी भोकाडच पसरलं. मी गजूची चटई गुंडाळली. मग भर बाजारातून आमची वरात निघाली. गजूचा हात घट्ट धरून बाई पुढं, चटई डोक्यावर घेऊन मी मागं. कोणी काही विचारलं की बाई तिथंच थांबून आपलं कपाळ दाखवायच्या.