सासऱ्यांना रडवण्याची मोहीम

माझ्या सासऱ्यांना रडवायचं काम माझ्याकडे आलं, ते मी चहा पिता पिता "बरं" म्हणालो म्हणून. (माझी बहुतेक संकटं याच शब्दातून सुरू झाली आहेत. लग्न त्यात धरत नाही; तेव्हा मला कुणी विचारलंच नव्हतं.)

सासूबाई जाऊन अर्धं वर्ष झालं होतं आणि सासरे आमच्याकडे राहायला आले होते. ते निवृत्त हेडमास्तर. खुर्चीत बसले तरी पाठ टेकायची नाही. इतक्या दिवसांत ना डोळे पुसले, ना सासूबाईंचा विषय काढला. सकाळी पांघरुणाची कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी करायचे आणि खिडकीशी बसायचे. जेवण मात्र रोज थोडं थोडं कमी होत चाललं होतं. बायको त्यांचं ताट उचलताना आधी ताटाकडे बघायची आणि मग माझ्याकडे.

"अहो, बाबा अजून रडले नाहीत," ती म्हणाली. "सगळं आत साठलंय. आमच्या ऑफिसातली एकजण ताय चीला, त्या चिनी व्यायामाच्या वर्गाला जाते. आठवड्याभरात ढसाढसा रडली. आता बघा कशी टवटवीत दिसते!"

"मग पाठव त्यांना."

"ते असे जातील? म्हणतील, मला काय झालंय? म्हणून मी सांगून टाकलंय की तुमची पाठ धरलीये आणि तुम्हाला एकटं जायची लाज वाटते. ते तुमच्या सोबतीला येणार. तुम्ही फक्त लक्ष ठेवा. डोळे नुसते पाणावले तरी मला सांगायचं."

"बरं," मी म्हणालो.

वर्ग वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये भरायचा. पायाखाली लाकडी फळ्या, समोरच्या भिंतीला आरसे, कोपऱ्यात खुर्च्यांची चळत. शिकवणारी फिजिओथेरपिस्ट होती, माझ्या भाचीच्या वयाची.

"ताय चीमध्ये हळू हलायचं, चीगाँगमध्ये श्वास सांभाळत उभं राहायचं," ती म्हणाली. "अंग सैल पडलं की काहीही होऊ शकतं. जांभया येतील, ढेकर येतील, तळहात गरम होतील, पाय थरथरतील. कुणाला हसू येतं, कुणाला रडू. आलं तर अडवू नका. चक्कर आली तर मात्र लगेच सांगा. आणि एक नियम. दुसऱ्याला काही झालं तर तिकडे बघायचं नाही."

झालं! मी मुळी आलोच होतो दुसऱ्याकडे बघायला.

हेडमास्तरांनी हात वर केला. "बाई, बूट बाहेर ठेवायचे की आत?"

"काका, मला बाई काय म्हणता!"

"शिकवता ना? मग बाईच."

आणि मग ते उभे राहिले. गुडघे किंचित वाकवून, छातीपुढे मोठा चेंडू धरावा तसे हात गोल करून. पंचाहत्तरीचा माणूस, पण बोटसुद्धा हललं नाही. मला खरोखरच कौतुक वाटलं. माझ्या मांड्या एव्हाना पीठ चाळायला लागल्या होत्या.

त्यानंतर जे जे व्हायचं ते सगळं मलाच होत गेलं. भर शांततेत मला ढेकर आला. तो पोटातून निघाला आणि हॉलभर फिरून परत आला. दुसऱ्या दिवशी सगळे डावीकडे वळले तेव्हा मी सासऱ्यांचे डोळे तपासत उजवीकडे चाललो होतो आणि समोरून बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई येत होत्या. आमची टक्कर होणार हे आम्हा दोघांनाही बराच वेळ दिसत होतं. पण घाई करायची नाही असं सांगितलेलं. शेवटी आम्ही अगदी शास्त्रशुद्ध आपटलो.

घरी गेल्या गेल्या हजेरी व्हायची.

"आज रडले?"

"नाही. माझे तळहात मात्र मस्त गरम झाले होते."

"तुमचं कोण विचारतंय?"

मी एक युक्तीही केली. जांभई दिली की डोळ्यांत पाणी येतं आणि एकाची बघून दुसऱ्याला येते. म्हणून सासऱ्यांशेजारी उभा राहून मी एक दणदणीत जांभई दिली. बँकेच्या बाईंना आली, मागच्या रांगेला आली, शिकवणारीला आली. सबंध हॉल आ वासून उभा होता. हेडमास्तरांचं तोंड मिटलेलं ते मिटलेलंच.

मग एके सकाळी त्यांचं ताट जसंच्या तसं परत आलं. बायको नळ सोडून ओट्याकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. "आई तर गेलीच," ती म्हणाली, "आता हेही असेच जाणार का हो?"

त्या दिवशी वर्गात आम्ही हातांचा चेंडू धरून उभे होतो. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाळत ठेवली. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याचं एक बटण काळ्या दोऱ्यानं, वेडंवाकडं लावलेलं दिसलं. त्यांनी स्वतःच लावलं असणार. हे काम सासूबाईंचं. आणि एकदम मला सासूबाईंचं हसणं ऐकू आलं. माझ्या विनोदांना हसणाऱ्या जगात त्या एकट्याच होत्या. बऱ्याचदा तर विनोद संपायच्या आधीच हसायच्या. मी चक्क भोकाड पसरलं. "आई, आई" करत खाली बसलो.

नियमाप्रमाणे कुणीही माझ्याकडे पाहिलं नाही. (समोर आरसा असल्यामुळे गरजच नव्हती.) पाहिलं ते फक्त सासऱ्यांनी.

"काय झालं?"

"सासूबाई आठवल्या. माझ्या विनोदांना हसायच्या हो त्या!"

"मला घरी सांगायची ते विनोद," ते म्हणाले. "पण सांगता सांगता तिलाच हसू फुटायचं. त्यामुळे एकाचाही शेवट मला कधी कळला नाही."

मग त्यांनी तोंड समोर वळवलं आणि उजवा हात सरळ वर केला.

"बाई, मला रडू येतंय. रडू का?"

"रडा की, सर," ती कशीबशी म्हणाली.

त्यांनी हात परत जागेवर आणला, चेंडू नीट धरला आणि रडले. गुडघे वाकलेले, पाठ ताठ, आणि हनुवटीवरून पाणी टपटप गळतंय. इतक्या इभ्रतीनं रडलेला माणूस मी पाहिलेला नाही. त्या क्षणी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण मी बँकेच्या बाईंच्या रुमालात नाक शिंकरत होतो.

दुपारी ते जेवायला बसले आणि ताट रिकामं झाल्यावर म्हणाले, "अजून थोडं वाढ. तुझी आई मीठ जरा कमी घालायची." बायकोचा हात हवेतच थांबला. मग तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी अर्धा फूट उंच झालो.

"मोहीम फत्ते!" मी म्हणून बसलो.

"ती मला पहिल्याच दिवशी कळली होती," हेडमास्तर जेवता जेवता म्हणाले. "शेजारच्याच्या पेपरात डोकावणारी मुलं पकडण्यात माझी सगळी नोकरी गेली."

"मग येत का राहिलात, बाबा?" मी विचारलं.

"तुम्हाला गरज दिसली." ते पाणी प्यायले. "सोमवारपासून मला वरच्या वर्गात घेतलंय. तुमच्याबद्दल बाईंनी माझं मत विचारलं. मी म्हटलं, मुलगा मनानं चांगला आहे, पण घाई करू नका."

तेव्हापासून मी एकटाच पहिल्या वर्गात असतो. परवा नवी मंडळी आली. बाईंनी त्यांना सगळे नियम समजावले आणि माझ्याकडे हात केला.

"हे आपले मागच्या वेळचे," त्या म्हणाल्या. "हे मध्येच रडतात. तुम्ही आपलं चालू ठेवा."